अस्सल पटियाचा

एकोणिसावा प्रश्न आला तेव्हा हारेस कांदे चिरत होता. बाहीने डोळे पुसून त्याने मोबाइल डब्याला टेकवला आणि वाचलं.

‘मधुभात कधी करतात आणि कसा? सगळं सविस्तर लिही. अर्धवट उत्तराला शून्य.’

क्वालालंपूरच्या त्या बंगाली खाणावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. चुलीपाशी मोफिजभाई गोमांसाची डेग ढवळत होते. ते चितगावजवळच्या पटियाचे. हारेसच्या पासपोर्टावरही पटियाच लिहिलेलं होतं.

“मोफिजभाई, मधुभात कसा करतात?”

“पुन्हा परीक्षा?” मोफिजभाई म्हणाले. “ही पोरगी तुझ्याशी लग्न करणार आहे की तुझी शिकवणी लावणार आहे?”

“सांगा ना.”

“आश्विन-कार्तिकात करतात. साळीला मोड आणायचे, वाळवून पीठ करायचं. मऊ शिजवलेल्या भातात ते घोटायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी खोबरं घालून खायचा. साखर लागत नाही, आपोआप गोड होतो.” त्यांनी डाव डेगेच्या काठावर ठेवला. “घोटून घोटून आईचे हात दुखायचे. हे नको लिहू.”

हारेसने तेवढं सोडून सगळं लिहिलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, ‘बरोबर.’ तिचं ‘बरोबर’ नेहमी असंच सावकाश यायचं.

सेनोआराची ओळख दोन महिन्यांपूर्वीची. इंटरनेटवर चितगावच्या लोकांचं एक पान होतं, तिथे रोज गमतीचे प्रश्न यायचे. एकदा विचारलं होतं, तिकडचं कडक बेला बिस्किट चहात किती वेळ बुडवायचं? हारेसने लिहिलं, ‘मोडून तळाला जाईपर्यंत. मग चमचा शोधायचा.’ त्यावर ती हसली, आणि दोघं एकमेकांना खासगीत लिहू लागले.

आईवडील नाहीत, चितगाव शहरात खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहते, असं तिने सांगितलं होतं. महिन्याभराने तिने लिहिलं, ‘खाला म्हणते मुलगा अस्सल चितगावी हवा. वीस प्रश्न विचारीन. पास झालास तर खालापाशी तुझा विषय काढीन.’

काही प्रश्नांना तो पुरून उरला. सुकटीचं कालवण त्याच्या आईच्याही हातचं होतं. पण मेजवानीत गोमांसाबरोबर कुठली डाळ वाढतात, वैशाखातली कुस्ती कुठल्या मैदानात होते, हे त्याला मोफिजभाईंनी सांगितलं.

‘जावयाच्या घरी बैल कधी पाठवतात?’ हा बारावा प्रश्न होता.

‘बकरी ईदला.’

‘तुलाही लागेल?’

‘बैल राहू दे. तू आलीस तरी पुरे.’

त्या दिवशी तिने ‘बरोबर’ लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं.

ती फोन कधी करत नसे. लाजत असेल, असं हारेसने धरलं आणि मनातून सुटकेचा श्वास सोडला. त्याची बोली चितगावच्या बोलीला जवळची होती, पण तीच नव्हती. दोन वाक्यांत तो पकडला गेला असता.

विसावा प्रश्न दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

‘पटियात तुमच्या घरापुढं काय आहे? दारात उभं राहिलं की काय काय दिसतं, ते सगळं लिही.’

मोफिजभाई डेग उतरवून बिडी ओढत बसले होते. त्यांनी हारेसकडे पाहिलं.

“आज काही विचारायचं नाही?”

“नाही.”

तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. एकोणीस उत्तरं त्याने निःशंकपणे पाठवली होती. पदार्थ काय, जत्रा काय, कुणाचंही सांगता येतं. दार मात्र त्याला डोळ्यांपुढं दिसत होतं, आणि ते पटियाचं नव्हतं. हे लपवून निकाह झाला तर ती जन्मभर ते दुसऱ्याचं घर आपलं सासर म्हणून सांगत राहील.

त्याने लिहायला घेतलं.

‘आमच्या घरापुढं फणस होता आणि पुढं मायू नदी. हे पटियात नाही. नाफ नदीच्या पलीकडे, बर्मात. घर जाळलं, फणसही जळला. मी रोहिंग्या आहे. पासपोर्टावरचं पटिया दलालाने लिहिलेलं आहे. तुला पाठवलेली बहुतेक उत्तरं इथल्या आचाऱ्याची, मोफिजभाईंची होती. ते खरे पटियाचे. बैलाचं तेवढं मी मनापासून लिहिलं होतं.’

पाठवून तो आत आला आणि मोफिजभाईंना सगळं सांगितलं. मोफिजभाईंनी बिडी विझवली.

“तुझं गाव मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं,” ते म्हणाले. “पण हे असं लिहून द्यायचं? तिने कुणाला दाखवलं तर? इथून हाकलतील तुला. आणि परत पाठवायला तुला देश तरी आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय. लिहिलं.”

 मोफिजभाईंनी कांद्याची पाटी आपल्याकडे ओढली आणि हारेसच्या वाटणीचे कांदे चिरू लागले.

तिने वाचलं होतं, तशी खूण दिसत होती. हारेसने ताटं घासली. भांडी पालथी घातली. फरशी धुतली. शेवटची बादली ओतताना मोबाइल वाजला. ओल्या हातानेच त्याने तो उचलला.

‘मीही नाफपलीकडचीच. शहरात नाही, उखियाच्या निर्वासित छावणीत आहे. तुझी एकोणीस उत्तरं वहीत उतरवून पाठ केली आहेत. उद्या सकाळी चितगावच्या एका बाईंनी मुलं सांभाळायच्या कामाला बोलावलंय, त्यांना पटियाचीच मुलगी हवी आहे. बाकीचं नंतर बोलू. आत्ता मोफिजभाईंना विचारून लवकर लिही, पटियात घरापुढं काय असतं?’