दुहेरी नोंद

“तुम्ही म्हणजेच सौ. हर्षदा गुर्जर. तुमची माहेरच्या नावाची नोंद यंत्रानं पुसली,” नोंदणी खिडकीतले कोळंबकर म्हणाले.

वीस वर्षं कोडिंग शिकवणारी चारुता तडकली. “हर्षदा माझी जुळी बहीण! माझं लग्नच झालेलं नाही.”

“लग्नात बायकांची नावं बदलतात, म्हणून यंत्र जनुकं जुळवतं. सारखी निघाली की जुनी नोंद पुसतं.”

दुहेरी नोंदी काढायचा प्रोग्रॅम चारुता पहिल्याच आठवड्यात शिकवी आणि बजावी, आधी जुळ्यांवर चालवून बघा. एवढीही अक्कल कुणाला नव्हती?

“दुरुस्त करा!”

“हर्षदाबाईंची सही आणा.”

“अहो, ती गेल्या महिन्यात वारली!”

“अरेरे,” कोळंबकर हळहळले आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “मग तुमच्या मृत्यूचा दाखला घेऊन जा.”