दुसरा नमुना

कंपनीच्या दवाखान्यात टेबलामागे व्याही बसलेले दिसले, तसा टँकर ड्रायव्हर दारातच थबकला.

"तुम्ही? आज तर तुमची सुट्टी होती..."

"दुसरा तपासणारा आजारी पडला. मला बोलावून घेतलं." व्याही उठून उभे राहिले. मुलीच्या सासऱ्यांना त्याने आजवर इस्त्रीच्या सदऱ्यातच पाहिलं होतं. आज त्यांच्या हातात रबरी मोजे होते. "या, बसा. म्हणजे, बसायचं काम नाहीच म्हणा. हा कप घ्या."

गाडीवर जाण्याआधी अधूनमधून ड्रायव्हरची लघवी तपासायची, जागं राहायच्या गोळ्या कोण खातं ते कळायला, असा कंपनीचा नियम होता. कपात भेसळ होऊ नये म्हणून संडासातला नळ बंद ठेवलेला आणि कमोडमधलं पाणी निळं केलेलं. तपासणाऱ्याने दारात उभं राहून बघायचं.

व्याही दारात उभे राहिले. ड्रायव्हर त्यांच्याकडे पाठ करून, पट्ट्यावर हात ठेवून नुसताच उभा.

"नियम आहे खरा," व्याही कसनुसं हसले. "पण सोयऱ्याधायऱ्यांत हे असलं काय बघायचं..." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

कप भरून बाहेर आला. कपावर ऊब दाखवणारी पट्टी होती; लघवी ताजी असली की तिचा रंग बदलायचा. ती काळीच राहिली होती. व्याह्यांनी कपाला बोट लावलं.

"हे गार आहे, व्याही."

ड्रायव्हरने घाईने खिसा चाचपला आणि नेमकी त्यातली बाटली खाली पडली, घरंगळत व्याह्यांच्या पायाशी आली. खोकल्याच्या औषधाची बाटली, पण तळाशी पिवळे थेंब. वर 'सकाळ-संध्याकाळ' असं लिहिलेलं. अक्षर व्याह्यांचंच होतं, स्वतःच्या बायकोसाठी लिहिलेलं.

"सकाळी चहाला आला होतात," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या मुलाशी गच्चीवर काय बोलत होता, ते आत्ता कळतंय."

"त्यांना दोष देऊ नका. मी हात जोडले त्यांच्यापुढे."

"जावयापुढे?"

ड्रायव्हरची मान वर होईना. स्वतःची लघवी भरलेली बाटली हातात देताना जावयानेही मान खाली घातली होती. नाही म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती, एवढंच.

"झोप आवरत नाही हो," ड्रायव्हर म्हणाला. "एकदा घाटात डोळा लागला. तेव्हापासून गोळ्या घेतो."

"रविवारी नातीला गाडीवर पुढे बसवून नेलंत. तेव्हाही?"

 

व्याह्यांनी पहिला कप झाकून बाजूला ठेवला, पाण्याचा ग्लास भरून दिला आणि तो पाणी प्यायल्यावर नवा कप पुढे केला. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही, आणि ड्रायव्हरनेही ते मागितलं नाही. बराच वेळ काही होईना. बाहेर टँकर सुरू होत होते, कोणीतरी नाव घेऊन हाका मारत होतं, आणि आत दोन म्हातारी माणसं त्या निळ्या पाण्याकडे बघत उभी होती.

दुसरा कप कोमट होता. व्याह्यांनी त्यात तपासणीची पट्टी बुडवली. गोळी घेतलेली नसली की जिथे रेघ उमटते, तिथे ती उमटली नाही.

"दोन्ही लिहावे लागतील," ते म्हणाले. "नोकरी राहायची नाही."

"लिहा."

"मी तोंड फिरवलं, तेही लिहितो."

"ते कशाला? त्यात तुमची काय चूक?"

व्याह्यांनी मोजे काढले आणि पेन शोधू लागले. समोरचं पेनही त्यांना लवकर सापडेना.

फाटकाबाहेर जावई स्कूटर लावून वाट बघत होता. ड्रायव्हरला येताना पाहून तो लगबगीने पुढे आला, इकडेतिकडे बघत त्याने दबक्या आवाजात विचारलं, "जमलं ना, बाबा?"

"आज मला बाबा म्हणू नका," ड्रायव्हर म्हणाला. "तुमचे बाबा आत आहेत. त्यांना घरी घेऊन जा."