सलाम नको, पप्पा

‘सलाम म्हणू नका हां पप्पा. नुसते हात जोडा आणि नमस्कार म्हणा. बास. जास्त बोलूच नका.’

आशेर कधीपासून हेच घोकत होता. नुकत्याच वसू लागलेल्या वाशीची शाळा नवी कोरी, भिंतींना चुन्याचा वास, आणि मोठ्या बाईंच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर हे बापलेक. बाप शांतवन, तुर्भ्याच्या कंपनीतून अर्धी सुट्टी टाकून आलेला, अंगात फक्त रविवारी चर्चला घालायचा तो पांढरा शर्ट.

‘कामून रे? सलाम काय शिवी हाय? जालन्याला आपण चर्चच्या पाळकसाहेबांना सलाम करतो, डॉक्टरीणबाईंना करतो. तुझ्या मिशनच्या शाळेत तर हेडमास्तरच आधी सलाम घालायचे.’

‘ते जालना होतं! इथे काल मी सलाम बाई म्हटलं तर अख्खा वर्ग हसला. विलास म्हणतो, तू काय रज्जाकचा भाऊ काय? आणि रज्जाकपण हसला!’

‘मग तू त्याला कंपासपेटी हाणली.’

‘रज्जाकला नाही, विलासला.’

‘चला, तेवढी तरी अक्कल ठेवली,’ शांतवन म्हणाला. पण पोरगं हसेना. ‘बरं, एकदा हात जोडून दाखवा,’ आशेर म्हणाला तर शांतवन वैतागलाच. ‘येतं रे मला! लहान हाय का मी?’

तेवढ्यात शिपायाने आत जायला सांगितलं.

दारातून आत पाऊल टाकलं आणि शांतवनचा उजवा हात आपोआप कपाळाकडे निघाला. आशेरने मागून शर्ट खेचला, जोरात. हात मधेच अडकला. मग त्याच हाताने शांतवनने उगीच कान खाजवला. ना सलाम, ना नमस्कार. नुसताच उभा राहिला, खांब रोवल्यासारखा.

मोठ्या बाईंनी वर बघितलंच नाही. त्यांच्यासमोर टेबलावर आशेरचा जालन्याचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवलेला, वर पेपरवेट.

‘वर्षाच्या मधे आम्ही कुणाला घेत नाही. तुमची बदली झाली, जवळ दुसरी मराठी शाळा नाही, म्हणून घेतलं. आणि यानं पहिल्याच दिवशी पोराच्या डोक्याला एवढं टेंगूळ आणलं! त्याचे वडील सकाळी येऊन माझ्या डोक्यावर बसले होते.’

शांतवनने नुसती मान डोलावली. जास्त बोलायचं नाही, असं ठरलेलं ना.

‘माफी मागणार आहेस का रे?’

आशेरने मान खाली घातली. कारण मधल्या सुट्टीची घंटा झालेली, खिडकीला अजून काचाही बसवलेल्या नव्हत्या, आणि गजांना सगळा वर्ग लटकलेला. पुढे विलास, कपाळावर हळद लावलेलं टेंगूळ मिरवत. त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून रज्जाक.

‘माग ना माफी, सलामवाल्या!’ कुणीतरी मागून ओरडलं. पोरं फिसकन हसली.

आशेरने दात आवळले. नाही म्हणजे नाही.

‘ठीक आहे.’ बाईंनी पेपरवेट उचललं, दाखला हातात घेतला आणि शांतवनपुढे धरला. ‘मग घेऊन जा. ठाण्याला बघा कुठे शाळा मिळते का. हो, पण बसने एकट्यालाच जायला-यायला लागेल.’

झालं. दाखला समोर लटकतोय, शांतवन घेत नाहीये, बाई हात मागे घेत नाहीयेत.

‘बाई, असं नका करू,’ शांतवन म्हणाला. ‘हात जोडतो तुम्हाला.’

आणि खरंच जोडले. पण शांतवनने जन्मात एकाच कामाला हात जोडलेले. ते जोडले गेले आणि डोळे आपोआप मिटले, मान खाली गेली. मग तोंडही सुरू झालं.

‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा...’

‘पप्पा!’ आशेर किंचाळायचाच बाकी. शर्ट खेचला. एकदा, दोनदा. शांतवन ढिम्म.

‘...या बाईंकडं बघ. एवढी पोरं एकट्या सांभाळतात, त्यांचा जीव थकला असंल, त्यांना बळ दे. त्या विलासचं टेंगूळ उतरू दे बापा, त्याच्या आईचा जीव वरखाली होत असंल. माझं पोरगं चुकलं. त्याचा हात उठला. मीच त्याला गावातून उचलून इथं आणलं, इथं त्याला कुणी वळखत नाही. त्याला माफ कर, आणि इथंच कुठंतरी बसायला जागा दे. हे सगळं प्रभू येशूच्या नावानं मागतो.’

आणि थांबला.

आता घरी कसं होतं, शांतवन इथवर आला की आशेर आणि आशेरची आई आमेन म्हणायचे. ते म्हटल्याशिवाय तो डोळे उघडायचा नाही. मागून कुणी आमेन म्हटलंच नाही, तर मागितलेलं पोचलंच नाही, असा त्याचा हिशोब.

म्हणून तो उभा. डोळे मिटलेले, बोटं एकमेकांत घट्ट. बाईंचा हात दाखल्यासकट हवेत तसाच. खिडकीत एकही पोर हसेना. विलासने टेंगळावर हात ठेवलेला, कशाला कुणास ठाऊक.

आशेरने बापाकडे बघितलं. मग खिडकीकडे. कान लाल झालेले. त्याने बापाचा शर्ट सोडला.

मग विलासच्या डोळ्यांत बघून, सगळ्यात मागच्या पोरालाही ऐकू जाईल असा, तो म्हणाला, ‘आमेन.’