पंधराचे अवयव

डेल्फ्टच्या आमच्या प्रयोगशाळेत क्वांटम संगणकाला रोज सकाळी एकच प्रश्न हजार वेळा विचारतात: पंधराचे अवयव कोणते? दीडदोनशे वेळा तो चुकतोच, बिचारा.

आज एकही चूक नव्हती.

"विट्स्के, तुझं लाडकं शहाणं झालं की गं!" चीज-पाव चावत मी म्हणालो.

विट्स्के हसली नाही. तिने खिशातून एक डबी काढून उघडली.

"योरिस, त्याची चिप मी शुक्रवारीच काढलीय. ही बघ. संगणकाच्या आत काहीच नाहीये."

माझा घास तोंडातच राहिला. "अगं, चिप असतानासुद्धा निदान शंभर चुका होतात," मी हळूच म्हणालो.

कुणी कशालाही हात लावला नव्हता. पडद्यावर नवी फेरी सुरू झाली आणि संपली.

या वेळी चुका होत्या. मोजून शंभर.