पत्रकावरचा माणूस

जुन्या काळातल्या दरोडेखोरांच्या व्हिडिओ गेमसाठी फरारी म्होरक्याचं इनामाचं पत्रक रंगवायचं काम चित्रकर्तीकडे आलं होतं. चेहरा सुचेना, तेव्हा आपल्या लहानपणी घर सोडून गेलेल्या वडिलांचाच तिनं काढला. जुन्या फोटोवरून, केस पिकवून. मनातला राग निदान चित्रात तरी उतरला. सकाळी फरशी पुसायला आलेली नवी बाई संगणकाच्या पडद्यासमोर थबकली. “ताई, काय गुन्हा केलाय ह्यांनी?” “अहो, खेळातला दरोडेखोर आहे तो.” “नाही, हे माझे मिस्टर. भुवईवरचा व्रणसुद्धा तोच. औषध आणतो म्हणून गेले, दोन महिने झाले. पोरगी रोज विचारते, तिला काय सांगू?” चित्रकर्ती कशीबशी म्हणाली, “खरं ते सांगा. माझी आई मला शेवटपर्यंत ‘बाबा येतील’ म्हणत राहिली.” बाई एकदा पडद्याकडे, एकदा तिच्याकडे बघत मटकन खाली बसली.