जेवणाआधी

दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. घाटावरच्या पिंपळावर कावळे चांगले ओळीने बसले होते, पण खाली एकही उतरेना.

"दादा, वहिनींना आम्ही काही कमी पडू देणार नाही," दीर हात जोडून म्हणाला. मग मुलाने धाकटीच्या शिक्षणाचा शब्द दिला. कावळे ढिम्म. गुरुजी सारखे घड्याळ बघत होते. "वहिनी, दादाची काही इच्छा राहिली होती का गं?" नणंदेने विचारलं.

नवरा गेल्यापासून तिला ना रडू आलं होतं, ना भूक लागली होती. इच्छा कसली राहायची त्याची? पोटाचा भरवसा नव्हता बिचाऱ्याच्या. एकदा कळ आली की क्षणभरही दम निघायचा नाही. म्हणून कुठल्याही कार्यात आधी ती मागे जाऊन संडास बघून यायची, त्याच्या कानात सांगायची, मगच तो पानावर बसायचा. तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

ती उठली. घाटामागे जाऊन आली आणि पिंडापाशी वाकून हळूच म्हणाली, "अहो, मागे डाव्या हाताला आहे. पाणी आहे, कडीही लागते. जेवा आता."

पंख फडफडले. "शिवला, शिवला!" म्हणत सगळ्यांनी हात जोडले.

ती तिथे नव्हतीच. ती परत मागे जाऊन संडासाच्या दाराशी उभी होती, मध्येच दुसरं कुणी आत जाऊ नये म्हणून.