साडेसातचा आवाज

फ्रिज घरघरला आणि तिनं झटकन मान वर केली. हातातला फ्रॉक अर्धी घडी होऊन तसाच राहिला. गिटारच्या तारेला बोट लागायच्या आधी अगदी अशीच घरघर यायची. तिनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात साडेसात झाले होते.

पुढे काहीच वाजलं नाही.

"फ्रिज आहे गं तो, आई," पाच वर्षांची लेक चित्रातून डोकं न काढता म्हणाली. "रोज फसतेस."

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लेकीचं बोट धरून ती गिटारचे ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारे खोके, दुरुस्त करणाऱ्याकडे गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला टेकून एकावर एक रचलेले ॲम्प, मध्ये दोन स्टुलं, आणि मागे दाराची आणखी एक खोली, जिथे तो काम करायचा. मेकॅनिक वयस्कर होता. चष्मा कपाळावर ठेवून तो चष्माच शोधत होता.

"काका, कपाळावर आहे," लेक म्हणाली.

"बघा, एवढ्याशा पोरीला कळलं. बोला मॅडम."

"मला एक ॲम्प हवाय. जुन्या रॉकसारखा आवाज येणारा."

"सगळ्यांना तोच हवा असतो. आणि देतात काय, तर कॉम्प्युटरवाला डबा. म्हणजे जेवणाचा फोटो दाखवायचा आणि ढेकर दे म्हणायचं!"

तिनं फोन पुढे केला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. लेक गादीवर उड्या मारत नाचत होती आणि मागून गिटार ऐकू येत होती. मेकॅनिकनं फोन कानाला लावून डोळे मिटले. दोनदा ऐकलं.

"व्हॉल्व्हचा, जुन्या काचेच्या नळ्यांचा ॲम्प आहे. चांगला तापलेला. कडेला जरासा फाटतोय, तीच गंमत. पण आवाज लांबून आलाय."

"मी हिचं शूटिंग करत होते."

"वाजवतंय कोण?"

"ते आता नाहीत. मार्चमध्ये गेले."

मेकॅनिकनं फोन जपून परत दिला. "मग त्यांचा ॲम्प?"

"त्यांच्या घरच्यांनी नेला. गिटारही. एका दुपारी टेम्पो आला, सामान भरलं आणि गेला."

"तुम्हाला न विचारता?"

"मला कशाला विचारतील?"

"कमाल आहे लोकांची!" तो चिडलाच. "बसा वहिनी. अशा वाजवणाऱ्याची बायको म्हणजे आमची वहिनीच."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तिला कुणी वहिनी म्हणायची ही पहिलीच वेळ होती. ती स्टुलावर बसली.

त्यानं पहिला ॲम्प लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्यानं चष्मा पुसून घेतला. मग त्यानं स्वतःची गिटार जोडून चार सुरावटी छेडल्या. लेक पायानं ठेका धरू लागली.

"बापावर गेलीय," तो म्हणाला.

ती लेकीच्या बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हती.

"हा नाही," ती म्हणाली. "हा फार अंगावर येतो."

दुसरा लावला. तोही नाही. तिसऱ्याचा पुढचा कापडी पडदा कोपऱ्यात उसवलेला होता. तो वाजायला लागल्यावर तिनं श्वास रोखला, आणि मग सोडला.

"गिटार कुठली होती त्यांची?"

"माहीत नाही."

"आम्ही बायकांना सांगतोच कुठे म्हणा!" तो हसला. मग हळूच म्हणाला, "आणि हा घरी नेऊन वाजवणार कोण?"

"शिकेन. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. तेव्हा वाजवायचे ते. एक दिवस चुकला नाही. मी हातातलं काम टाकून पाठ टेकून बसायचे नुसती. दिवसभरात तेवढा एक तास घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. आता संध्याकाळ झाली की घर खायला उठतं. ही झोपत नाही, मीही नाही."

मेकॅनिकनं चौथा लावला, पाचवा लावला. ऊन खिडकीतून सरकत दारापर्यंत आलं. प्रत्येक वेळी ती मान हलवायची, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी हळू.

"वहिनी, खोटं नाही सांगणार," तो शेवटी म्हणाला. "माझ्याकडचे संपले. हातच तसा होता त्यांचा, त्याला काय करणार? थांबा, हा पहिला आत ठेवतो, मध्येच लुडबुडतोय."

तो ॲम्प आणि गिटार उचलून मागच्या खोलीत गेला. पायानं दार लोटलं. ते बंद झालं. ती पर्स उचलून लेकीचं दप्तर खांद्याला अडकवत होती, तेवढ्यात आतून घरघर आली. मग गिटार. तो आपला स्वतःपुरतंच काहीतरी वाजवत होता.

ती जागच्या जागी थिजली.

खांद्यावरून दप्तर गळून पडलं. ती तशीच मागच्या भिंतीशी गेली, भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

दार उघडलं. गिटार गळ्यात, मेकॅनिक उंबऱ्यातच थबकला.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज."

"अहो, पण हा पहिलाच आहे! तुम्ही सगळ्यात आधी नको म्हणालात तो!"

लेक तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. तिनं आईचा ओला गाल बोटानं पुसला, आणि जराशी गोंधळून विचारलं,

"आई, भिंतीपलीकडच्या काकांचं दार तर दुसऱ्या जिन्याला होतं. आपण त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही. मग ते गेले तर तू एवढी का रडतेस?"